पाळी लांबली? घाबरू नका, लपवूही नका

मुलींनो, आणि मुलग्यांनो तुम्हीसुद्धा,

परवा मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. वही पुढे केली, पण वहीत काहीच लिहिलेलं नव्हतं. बाकीची पोरं डबे घेऊन बाहेर पळाली, तशी हळूच म्हणाली, "बाई, मला काही मोठा आजार झालाय का हो?"

"अगं, असं का वाटतंय तुला?"

मग रडत रडत सगळं बाहेर आलं. तिची पाळी वेळेवर आली नव्हती. त्यातच शेजारच्या काकू कुणाबद्दल तरी बोलताना म्हणाल्या, "पाळी चुकली म्हणजे काहीतरी भानगड असणार." ते हिच्या कानावर पडलं. आईला सांगितलं तर आईलाही तसंच वाटेल, या भीतीनं आठ दिवस ही पोर धड जेवली नव्हती.

आम्ही भिंतीवरचं कालनिर्णय काढून दिवस मोजले. मागची पाळी सुरू होऊन 52 दिवस झाले होते. तिला पहिली पाळी येऊन जेमतेम आठ महिने झालेले. शिवाय मध्ये टायफॉइडनं ती पंधरा दिवस अंथरुणात होती. मी म्हटलं, "यात भानगड कसली? आजारपणानं शरीर दमलं असेल. पण आपण आईला सांगू आणि डॉक्टरांना दाखवू."

आता तुम्हालाही दिवस कसे मोजायचे ते सांगते. इथंच बऱ्याच जणी चुकतात. पाळी संपल्यापासून मोजायचं नाही. ती सुरू झाली तो पहिला दिवस, तिथपासून पुढची पाळी सुरू होईपर्यंत मोजायचं. समजा, 4 जूनला सुरू झाली आणि पुढची 9 जुलैला आली, तर झाले 35 दिवस. वाढत्या वयात 21 ते 45 दिवसांचं अंतर नेहमीचंच समजतात. म्हणजे मैत्रिणीची 28 दिवसांनी येते आणि तुमची 40 दिवसांनी, म्हणून तुमचं काही बिघडलं असं नाही.

पण पाळी मागंपुढं का होते? आपली शाळेची घंटा आठवा. हेडसर खूण करतात, शिपाईमामा घंटा देतात आणि मग वर्ग सुटतात. शरीरातही तसंच आहे. मेंदूतला एक छोटा भाग खूण करतो, त्याच्याजवळची पियुषिका ग्रंथी निरोप पाठवते, आणि पोटातली बीजांडकोषं कामाला लागतात. नवीन शाळेत सुरुवातीला वेळापत्रक थोडं विस्कळीतच असतं ना? तसंच पहिली पाळी आल्यावर दोन-तीन वर्षं हे निरोप कधी लवकर पोचतात, कधी उशिरा. मग घडी बसते.

घडी बसल्यावरही कधी कधी उशीर होतो. परीक्षेचा ताण, घरातलं दुःख, मोठं आजारपण, फार जागरण ही त्याची कारणं असू शकतात. बारीक होण्यासाठी जेवण तोडणं, एकामागून एक कडक उपास करणं, किंवा खेळाचा भरपूर सराव आणि खाणं मात्र चिमणीएवढं, अशा वेळी मेंदू म्हणतो, "आधी जीव सांभाळू, बाकीचं मग बघू." उलट वजन फार वाढलं तरी पाळी लांबू शकते. काही औषधांनीही असं होतं. गौरी-गणपतीत 'अडचण' नको म्हणून घरच्या बाया पाळी पुढं ढकलणारी गोळी घेतात, ती तुम्ही डॉक्टरांना न विचारता मुळीच घेऊ नका. सण दरवर्षी येतो, शरीर एकच आहे.

थायरॉइड ग्रंथीचं काम बिघडणं किंवा 'पीसीओएस' ही कारणंही असतात. पीसीओएसमध्ये पाळी लांबते, हनुवटीवर किंवा ओठावर जाड केस येतात, पुटकुळ्या फार होतात. पण पुटकुळ्या या वयात सगळ्यांनाच येतात. तेव्हा आरशासमोर उभं राहून आपणच रोग ठरवायचा नाही. ते काम डॉक्टरांचं.

मग डॉक्टरांकडे कधी जायचं? हे वहीत उतरवून घ्या.

• पंधरा वर्षं पूर्ण झाली तरी पहिली पाळी आलीच नाही. किंवा तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढच सुरू झाली नाही.
• पाळी सुरू झालेली आहे, पण तीन महिने (90 दिवस) आलीच नाही.
• दर वेळी 45 दिवसांपेक्षा उशीर होतो किंवा 21 दिवसांच्या आतच येते.
• सात दिवसांपेक्षा जास्त चालते, किंवा तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं.
• पोटात इतकं दुखतं की शाळा बुडते.
• पाळी लांबली आणि वजन झपाट्यानं उतरतंय, सारखं डोकं दुखून अंधूक दिसतंय, किंवा छातीतून दुधासारखा स्राव येतोय.

पपई, तीळ, गूळ जरूर खा, खायला छानच आहेत. पण ते पाळीचं औषध नव्हे. कुणी सांगितलेला काढा किंवा दुकानातून आणलेली गोळी तर नकोच.

आणखी एक गोष्ट, जरा अवघड आहे, पण सांगायलाच हवी. दिवस राहिले तरी पाळी थांबते. तुमच्याशी कुणी नको तसं वागलं असेल, मग तो ओळखीचा का असेना, तर चूक त्याची आहे, तुमची नाही. आईला, बाईंना, विश्वासातल्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगा. तेही जमलं नाही तर 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन आहे. पैसे पडत नाहीत.

मुलग्यांनो, वर्गातली एखादी मुलगी या दिवसांत गप्प बसली तर खिदळू नका. तुमच्या घरातही आई-बहीण आहे.

आता आईबाबांशी दोन शब्द. त्या मुलीची आई दुसऱ्याच दिवशी शाळेत आली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बाई, मला का नाही सांगितलं हिनं?" मी तिला काय उत्तर देणार? आपण घरात हा शब्द कुजबुजतच बोलतो. मग मुलीला वाटतं, यात काहीतरी वाईट आहे. सर्दी-खोकल्याबद्दल विचारतो तितक्याच सहज विचारा, "तारीख मांडलीस का गं?" मुलगी घाबरून सांगायला आली, तर आधी तिला जवळ घ्या, प्रश्न मागून विचारा.

मायलेकी मिळून सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं. अंगात रक्त कमी निघालं. लोहाच्या गोळ्या आणि वेळेवर जेवण, एवढंच सांगितलं, आणि पुन्हा दाखवायला बोलावलं. पाळी नंतर आपोआप आली. आता तिच्या घरी कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी एक छोटा लाल ठिपका असतो. तो तिची आईच आठवणीनं करायला लावते.

तुम्हीही आजपासून तो ठिपका मांडायला लागा बरं. पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमची,
बाई