आस्थेचा जमाखर्च

आपल्याकडील प्रवेशाचा व्यवहार बहुतांशीं गुणांचा. बारावीचे गुण, प्रवेशपरीक्षेंतील क्रमांक आणि अर्जावर लिहिलेला पसंतिक्रम यांवर जागा ठरते. त्या कॉलेजाविषयीं मुलाच्या मनांत प्रेम आहे कीं नाइलाज, हें कोणी विचारीत नाहीं. म्हणून घरांतील एखादी पुतणी अमेरिकेंत पदवीच्या अभ्यासक्रमासाठीं अर्ज करूं लागली, कीं वडील मंडळी एका गोष्टीनें बुचकळ्यांत पडतात. तेथील कित्येक कॉलेजें अर्जदारास आपल्याविषयीं किती आस्था आहे याची नोंद ठेवतात व निवडीच्या वेळीं तीही विचारांत घेतात. आजोबांस ही निव्वळ खुशामत वाटते. मुलीस वाटतें, रोज एक पत्र धाडलें कीं काम फत्ते. आमच्या मतें दोघांचाही अंदाज चुकतो.

या प्रथेचें मूळ भावनेंत नसून हिशेबांत आहे. तिकडे एकच विद्यार्थी दहा-बारा ठिकाणीं अर्ज करतो. चार ठिकाणचा होकार आला तरी जातो एकाच ठिकाणीं. म्हणून कॉलेजाला जागांपेक्षां पुष्कळ अधिक होकार पाठवावे लागतात. होकार मिळालेल्यांपैकीं प्रत्यक्ष दाखल होणाऱ्यांच्या प्रमाणास तेथें 'यील्ड' म्हणतात. समजा, जागा हजार व हें प्रमाण शेंकडा २५. तर चार हजारांना होकार गेले पाहिजेत. त्यांतून शेंकडा २० च आले, तर दोनशें जागा व त्यांची फी बुडाली. ३० आले, तर दोनशें मुलांना निजावयास खोली नाहीं. ज्यांनीं मुंजीच्या दिवशीं किती पानें वाढावयाचीं याचा अंदाज बांधला आहे, अशा आमच्या वाचकभगिनींना ही काळजी समजावून सांगण्याचें कारण नाहीं. त्यांत प्रतिष्ठेचाही भाग होता. 'यू. एस. न्यूज' या नियतकालिकाच्या क्रमवारींत हें प्रमाण पूर्वीं मोजलें जाई. २००३ सालीं तें वगळण्यांत आलें, परंतु त्याची काळजी मागें राहिली.

आस्थेचीं गमकें तशीं साधीं आहेत. कॉलेज पाहून येणें, त्यांच्या माहितीसभेस हजर राहणें, प्रतिनिधीशीं बोलणें, मुलाखत देणें, आणि 'आमचेंच कॉलेज कां?' या निबंधास नेमकें उत्तर लिहिणें. कित्येक ठिकाणीं संगणकावर याहून बारीक टिपण होतें : धाडलेलें ई-पत्र उघडलें काय, त्यांतील दुवा पाहिला काय. सतरा वर्षांच्या मुलीनें कोणतें पत्र केव्हां उघडलें याची वही परक्यानें ठेवावी, हें आम्हांस रुचत नाहीं. पण आमच्या रुचीनें ती वही मिटणार नाहीं.

मात्र सर्वच कॉलेजें ही वही उघडून बसत नाहींत. हार्वर्ड, एमआयटी किंवा कॅलिफोर्निया विद्यापीठ आस्था मोजीत नाहींत. पहिल्या दोघांस तर तशी गरजच नाहीं. बोलावलें म्हणजे बहुतेक येतातच. मधल्या पायरीवरचीं खासगी कॉलेजें हा विचार अधिक करतात. कोण किती करतें हें कळण्यास सल्लागारास पैसे मोजावयास नकोत. पुष्कळ कॉलेजें 'कॉमन डेटा सेट' नांवाचें वार्षिक पत्रक प्रसिद्ध करतात. त्यांतील सी-७ या कलमांत 'अर्जदाराची आस्था' ही एक ओळ असते व तिच्यापुढें 'अति महत्त्वाची, महत्त्वाची, विचारांत घेतली जाते, घेतली जात नाहीं' यांपैकीं एका ठिकाणीं खूण केलेली असते. ती ओळ आधीं वाचावी.

अर्थशास्त्रांत यास आधार आहे. मायकेल स्पेन्स यांनीं १९७३ सालीं मांडलें, कीं ज्या खुणेला कांहीं किंमत मोजावी लागते तीच विश्वासास पात्र ठरते. २००१ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. लीहाय विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हेंच आढळलें : दुरून केलेल्या पत्रव्यवहारापेक्षां प्रत्यक्ष भेटीचें वजन अधिक, आणि तेंही विशेषतः हुशार मुलांच्या बाबतींत, कारण ती दुसरीकडे निघून जातील अशी शंका तेथेंच जास्त. पण किंमत मोजावी लागते ती खूण पैसेवाल्यासच सोपी, हें उघड आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठानें २०१८ मध्यें आस्था मोजणें सोडलें तें याच विचारानें. सांगली-नाशिकच्या मुलीनें केवळ भेटीसाठीं विमानाचें तिकीट काढावें असें आम्ही मुळींच सुचविणार नाहीं. घरबसल्या हजर राहतां येईल अशा सभा २०२० च्या साथीनंतर सर्वत्र झाल्या आहेत. तेथें नांव नोंदवून एखादा खरा प्रश्न विचारला तरी पुरे. प्रश्न मात्र मुलीनें विचारावा. तिच्या नांवानें काकांनीं लिहिलेलें पत्र ओळखूं येतें.

सर्वांत मोठी खूण आहे ती 'अर्ली डिसिजन'ची, आणि घराचें खरें जोखीम तेथें आहे. नोव्हेंबरांत एकाच कॉलेजास असा अर्ज करावयाचा. डिसेंबरांत होकार आला तर बाकीचे अर्ज मागें घेऊन तेथेंच जावयाचें. विद्यार्थी, पालक व शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या त्यावर सह्या होतात. पुष्कळ ठिकाणीं यामुळें प्रवेशाची शक्यता वाढते, हें खरें. मदत अपुरी पडली तर या बंधनांतून सुटका मागतां येते. पण चार ठिकाणच्या मदतीचे आंकडे शेजारीं मांडून पाहण्याची सोय उरत नाहीं. शिवाय हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशीं मोजकीं सोडलीं तर परदेशी विद्यार्थ्यानें मदत मागणें हेंच निवडीच्या वेळीं त्याच्या विरुद्ध जाऊं शकतें. ज्या घरांत आजोबांचा प्रॉव्हिडंट फंड, काकांची ठेव व घरावरचें कर्ज एकत्र केल्यावर पहिल्या वर्षाची फी उभी राहते, त्या घरानें केवळ शक्यता वाढते म्हणून ही सही करूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. निदान चारही वर्षांचा खर्च कागदावर लिहून, ज्यांच्या खिशांतून तो जावयाचा त्या सर्वांना एकत्र बसवून मग लेखणी उचलावी.

नोव्हेंबरपर्यंत हा हिशेब जुळला नाहीं, तरी घाई करण्याचें कारण नाहीं. कांहीं कॉलेजांत याच बंधनाची दुसरी फेरी असते. तिची मुदत बहुधा जानेवारीच्या आरंभीं संपते आणि उत्तर फेब्रुवारींत येतें.