निदानाची पन्नास वर्षे आणि उपचाराची प्रतीक्षा

एएलएस या चेतासंस्थेच्या जीवघेण्या विकारावरील एका नव्या औषधाची मानवी चाचणी बायोजेन या अमेरिकी कंपनीने २०२४ मध्ये थांबवली. शरीरात ‘अ‍ॅटॅक्सिन-२’ नावाच्या प्रथिनाची निर्मिती कमी केली, तर रोगाचा वेग मंदावेल, अशी या औषधामागची कल्पना होती. प्रथिनाचे प्रमाण घटले. रुग्णांची खालावत जाणारी प्रकृती मात्र सावरली नाही. ही बातमी वैद्यकीय वर्तुळापलीकडे फारशी पोहोचली नाही. परंतु ज्या जनुकाभोवती हा सारा खटाटोप चालला होता, त्याचा मुंबईशी जुना संबंध आहे. या जनुकातील दोषामुळे होणारा मूळ आजार एक स्वतंत्र विकार म्हणून ठळकपणे जगापुढे मांडला गेला, तो मुंबईतल्या एका मेंदूविकारतज्ज्ञाच्या निरीक्षणांतून.

डॉ. नोशिर वाडिया यांचा जन्म १९२५ चा, सुरतेचा. लंडनमधील प्रशिक्षणानंतर ते मुंबईत परतले आणि जे. जे. रुग्णालय व ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी मेंदूविकारशास्त्राचा पाया घातला. पुढे जसलोक रुग्णालयातही त्यांनी दीर्घकाळ काम केले. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. परदेशी पाठ्यपुस्तकांत न बसणारे रुग्ण समोर आले, तर त्यांना ओढूनताणून त्या चौकटीत बसवायचे नाही, हे त्यांच्या संशोधनाचे सूत्र होते. मानेच्या वरच्या मणक्यांतील जन्मजात दोषामुळे मज्जारज्जूवर येणाऱ्या दाबाचा त्यांचा अभ्यास १९६७ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आला. १९७१ मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ पसरली. तीतून बरे झालेल्या काही प्रौढांचे पाय पुढे पोलिओसारखे लुळे पडले. हा पक्षाघात आणि ती साथ यांचा संबंध वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मधून जगाच्या नजरेस आणून दिला.

मंद नजरेचा अर्थ

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम याच सुमाराचे आहे. डॉ. आर. के. स्वामी यांच्यासह त्यांनी १९७१ मध्ये ‘ब्रेन’मध्ये नऊ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या तोल जाण्याचा विकार होता. चाल झोकांड्या खाणारी, बोलणे अडखळते, हातांच्या हालचाली नेम चुकलेल्या. एवढ्या लक्षणांवरून या रुग्णांना ‘आनुवंशिक अ‍ॅटॅक्सिया’ या प्रशस्त कप्प्यात टाकता आले असते. हा कप्पा तेव्हा कमालीचा गोंधळाचा होता. जर्मनीत फ्रीडरिख यांनी १८६३ मध्ये आणि फ्रान्समध्ये प्येर मारी यांनी १८९३ मध्ये केलेल्या वर्णनांभोवती अनेक आजार एकत्र गुंडाळले गेले होते. कोणता विकार कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, यावर एकमत नव्हते.

वाडिया आणि स्वामी यांनी बोट ठेवले ते डोळ्यांच्या हालचालीवर. एका वस्तूवरून दुसरीकडे पाहताना निरोगी माणसाची नजर उडी मारते. ही उडी सेकंदाच्या अगदी लहानशा अंशात पूर्ण होते. या कुटुंबांतील रुग्णांची नजर उडी न मारता संथपणे सरकत जाई. बाजूला पाहायचे झाल्यास अनेकांना मानच वळवावी लागे. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या लक्षणाचे महत्त्व मोठे होते. लहान मेंदू बिघडला, तर नजरेच्या उडीचा नेम चुकतो. तिचा वेग सहसा कमी होत नाही. हा वेग मेंदूच्या स्तंभातील विशिष्ट चेतापेशींवर अवलंबून असतो. म्हणजेच या आजारात लहान मेंदूबरोबर मेंदूचा स्तंभही झिजत होता, आणि रुग्णाला समोर बसवून ‘इकडे पाहा, तिकडे पाहा’ असे सांगणाऱ्या डॉक्टरला ते कळू शकत होते. महागड्या यंत्राची गरज नव्हती.

या निरीक्षणाची कसोटी पाव शतकाने लागली. १९९६ मध्ये तीन स्वतंत्र संशोधन गटांनी बाराव्या गुणसूत्रावरील दोषी जनुक शोधून काढले. या जनुकात ‘सीएजी’ ही तीन रासायनिक अक्षरे एकापाठोपाठ पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक माणसांत ती सुमारे २२ वेळा येतात. हा आकडा ३३ च्या आसपास किंवा त्यापुढे गेला, की आजार होतो. आकडा जितका मोठा, तितकी लक्षणे लवकर. पुढच्या पिढीत जाताना तो वाढण्याचीही प्रवृत्ती असते. त्यामुळे बापाला चाळिशीत झालेला आजार मुलाला विशीतच गाठू शकतो. या विकाराला आता ‘एससीए-२’ म्हणतात. वाडिया यांनी १९९८ मध्ये पुन्हा ‘ब्रेन’मध्येच लिहिले. या वेळी सहकाऱ्यांसह सहा भारतीय घराण्यांची जनुकीय तपासणी हाताशी होती. निदानात मंद नजरेचे मोल किती, हाच या दुसऱ्या निबंधाचाही विषय होता. सत्तावीस वर्षांपूर्वी डोळ्यांनी टिपलेले लक्षण प्रयोगशाळेतल्या पुराव्याशी जुळले होते.

प्रयोगशाळेपासून रुग्णापर्यंत

त्यानंतरचा प्रवास मात्र खडतर आहे. २०१० मध्ये असे दिसून आले, की या जनुकातील अक्षरांची मध्यम लांबीची वाढ एएलएसचा धोका वाढवते. एका दुर्मिळ आजाराचे जनुक त्यामुळे दुसऱ्या, अधिक परिचित आजाराच्या संशोधनात महत्त्वाचे ठरले. २०१७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत या प्रथिनाची निर्मिती रोखल्याने हालचालींत सुधारणा झाली आणि आशा पल्लवित झाल्या. २०२४ च्या अपयशाने एएलएसपुरता तरी हा मार्ग धूसर झाला. एससीए-२ मध्ये जनुकातील दोष हेच रोगाचे थेट कारण असल्याने तिथे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण व्यापारी कंपन्या आधी मोठ्या बाजारपेठेकडे पाहतात, आणि त्या बाजारपेठेत औषध हरले, की लहान आजाराची पाळी आणखी लांबते. रिलुझोल या जुन्या औषधाकडूनही अपेक्षा होत्या. एससीए-२ च्या रुग्णांवरील फ्रान्समधील चाचणीत २०२२ मध्ये त्याचा उपयोग दिसला नाही.

तेव्हा आज या रुग्णांच्या हाती काय आहे? नियमित आणि चिकाटीचा व्यायाम, बोलण्याचे व गिळण्याचे प्रशिक्षण, पडण्यापासून जपणूक आणि कुटुंबाला समुपदेशन. या गोष्टी साध्या वाटतात, पण त्यासाठी यंत्रणा उभी करावी लागते. क्यूबाने ती उभी केली. त्या देशातील होल्गीन प्रांतात एससीए-२ चे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. साधनांची चणचण असूनही तिथे या आजारासाठी स्वतंत्र केंद्र, पुनर्वसनाचा कार्यक्रम आणि लक्षणे दिसण्यापूर्वी स्वेच्छेने करता येणारी जनुकीय तपासणी अशी व्यवस्था या शतकाच्या प्रारंभापासून आहे.

धोरणाची पोकळी

भारतात अ‍ॅटॅक्सियाच्या आनुवंशिक प्रकारांत एससीए-२ हा प्रमुखांपैकी एक आहे. तरीही सरकारी धोरणाच्या नकाशावर हे रुग्ण कुठे आहेत, हे शोधावे लागते. मार्च २०२१ मधील राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाने आजारांचे तीन गट केले: एकदाच उपचार करून बरे होणारे, दीर्घकाळ पण तुलनेने कमी खर्चाचे उपचार लागणारे, आणि ज्यांवर निश्चित पण अतिशय महाग उपचार उपलब्ध आहेत असे. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. मुंबईचे केईएम रुग्णालय या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. हे सर्व स्वागतार्हच. पण ही रचना उपचाराच्या उपलब्धतेवर बेतलेली आहे. ज्या आजाराला औषधच नाही, त्याच्या रुग्णाला या तिन्ही गटांत जागा कोणती?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातही अशीच अडचण आहे. चेतासंस्थेच्या जुनाट विकारांना त्यात स्थान मिळाले, ही मोठी सुधारणा होती. उदाहरणादाखल नावे मात्र मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन या दोनच आजारांची आली. अ‍ॅटॅक्सियाला कायद्याने दार बंद केलेले नाही. तरीही हात-पाय शाबूत असलेला, पण ग्लास ओठांपर्यंत नेताना निम्मे पाणी सांडणारा माणूस किती टक्के दिव्यांग, हे ठरवताना नावाचा उल्लेख नसणे त्याच्याविरुद्ध जाऊ शकते.

याहून नाजूक प्रश्न घरातला आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. रक्ताच्या एका तपासणीने उत्तर मिळते. परंतु ते मिळाल्यावर करायचे काय, हे सांगणारा प्रशिक्षित समुपदेशक सोबत नसेल, तर ते उत्तर तरुण मुला-मुलींवरचा शिक्का बनते. विवाह जुळवताना घरातले आजार झाकून ठेवण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. लपवलेला आजार पुढच्या पिढीत पुन्हा उभा राहतो आणि त्या पिढीला आपला इतिहासही ठाऊक नसतो. सज्ञान व्यक्तीने स्वेच्छेने, गोपनीयतेच्या हमीसह तपासणी करावी आणि नको असल्यास न करण्याचा तिचा अधिकारही जपला जावा, ही व्यवस्था तपासणीच्या यंत्राइतकीच गरजेची आहे.

यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या मेंदूविकार विभागांत अशा घराण्यांची गोपनीय नोंदवही, महिन्यातून ठरावीक दिवशी अ‍ॅटॅक्सिया बाह्यरुग्ण विभाग, एक समुपदेशक आणि एक भौतिकोपचारतज्ज्ञ एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. नोंदवही असेल, तर उद्या औषधाची चाचणी निघाल्यास भारतीय रुग्णांना तीत जागा मिळेल. नोंदच नसेल, तर जगाच्या लेखी ते रुग्ण असूनही नसल्यासारखे ठरतील. हा आजार ओळखण्याचे श्रेय मुंबईला आहे, ते एका सार्वजनिक रुग्णालयाच्या परंपरेचे फळ आहे. या घराण्यांची आजची पिढी ते श्रेय ऐकून घरी परतते आणि पुढची तारीख कशासाठी घ्यायची, हे तिला कोणी सांगत नाही. ते सांगणारी यंत्रणा उभी करणे ही आता राज्याच्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेची जबाबदारी आहे.