फ्रीकॅड १.० फुकट आहे, पण पार्टच्या लिंक सांभाळायच्या कुणी?

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी रिव्ह्यूच्या आदल्या रात्री मी आमच्या गाडीची असेंब्ली फाइल ग्रुपवर टाकली आणि निवांत झोपलो. सकाळी सरांच्या लॅपटॉपवर ती उघडली, तर चारही चाकं गायब! चाकं त्या फाइलमध्ये कधी नव्हतीच. तिथे होता फक्त त्यांचा पत्ता, आणि मूळ फाइल माझ्या लॅपटॉपवर.

कॅडमध्ये याला लिंक म्हणतात. चाकाच्या चार कॉपी केल्या, तर बोल्टचं भोक १० मिमीवरून १२ करायला चार वेळा बसावं लागतं, आणि एक हमखास राहून जातं. लिंक केली की मूळ फाइलमध्ये एकदाच बदल करायचा, बाकी सगळीकडे तो आपोआप दिसतो.

हा विषय आता काढायचं कारण म्हणजे फ्रीकॅड. २००२ पासून चालू असलेल्या या फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं १.० व्हर्जन नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. (मोबाइलवर नाही हां, लॅपटॉप किंवा लॅबचा पीसी लागतो.) लिंकची सोय २०२१ च्या ०.१९ पासून होतीच. पण पार्ट जोडायला वेगळं ॲड-ऑन टाकावं लागायचं, ते असेंब्लीचं काम आता आतच मिळतं. दुसरी सुधारणा माझ्या मते जास्त मोठी आहे. पार्टच्या प्रत्येक पृष्ठभागाला सॉफ्टवेअर नंबर देतं. आधी एक भोक वाढवलं की हे नंबर बदलायचे आणि सहाव्या पृष्ठभागावर बसवलेला पार्ट भलतीकडेच जाऊन चिकटायचा. हा त्रास पूर्ण गेलेला नाही, पण बराच कमी झालाय.

फुकटात दुसरा पर्याय फ्यूजनचा (आधीचं नाव फ्यूजन ३६०). पण २०२० मध्ये ऑटोडेस्कने त्याच्या पर्सनल लायसन्सवर एका वेळी एडिट करता येणाऱ्या फाइल १० वर आणायचं जाहीर केलं. प्रत्येक पार्टची वेगळी फाइल ठेवून लिंक करणाऱ्याला १० किती पुरणार? साधी सायकल काढली तरी आकडा संपतो.

फ्रीकॅडमध्ये अशी मर्यादा नाही, पण जबाबदारी तुमची. पार्टची फाइल दुसरीकडे हलवली किंवा बाहेरून तिचं नाव बदललं, की लिंक तुटली. आणि लिंक जागेवर असली तरी मित्राने रात्री चाक बदललं, तर सकाळी तुमची गाडीही बदललेली असते. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद फ्रीकॅड स्वतः ठेवत नाही. गिट वापरता येतं, पण फ्रीकॅडची फाइल म्हणजे मुळात झिप. त्यामुळे कोडसारखा ओळीओळीचा फरक त्यात दिसत नाही.

ही पोकळी भरून पैसे कमवायचा प्रयत्न ऑन्डसेल नावाच्या कंपनीने केला. १.० मधल्या असेंब्लीचं मोठं काम त्यांचंच. १.० येण्याच्या थोडं आधी त्यांनी कंपनी बंद करत असल्याचं जाहीर केलं. कोड ओपन असल्यामुळे असेंब्ली वाचली. फाइल सांभाळायचं काम मात्र पुन्हा आपल्याच गळ्यात आलं.

तोवर माझा जुगाड असा: एका प्रोजेक्टचं एकच फोल्डर, पार्टची नावं पहिल्याच दिवशी ठरवायची, आणि पाठवताना पूर्ण फोल्डर झिप करायचं. पाठवण्याआधी ते झिप मित्राच्या लॅपटॉपवर एकदा उघडून चाकं मोजायची.