युद्ध टळले असते, पण कोणाच्या जिवावर?

अमेरिकेतील यादवी युद्ध शिकवून झाले की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : हे टाळता आले नसते का? सहा लाखांहून अधिक सैनिक मेले, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. मात्र 'दोन्ही बाजूंनी थोडे नमते घ्यायला हवे होते' असे उत्तर इतिहासाच्या शिक्षकाने देऊ नये, असे आम्हांला कळकळीने वाटते.

गुलामगिरीच्या प्रश्नावर नमते घेणे चाळीस वर्षे चालूच होते. १८२० ची मिसूरी तडजोड झाली, १८५० ची झाली. डिसेंबर १८६० मध्ये सिनेटर क्रिटेंडन यांनी मांडलेला तोडगा तर गुलामगिरीला कायमचे घटनात्मक संरक्षण देणारा होता. तो मान्य झाला असता, तर युद्धाला तोंड फोडणाऱ्या फोर्ट समटरवरच्या तोफा कदाचित धडाडल्या नसत्या. पण त्या शांततेची किंमत मोजणाऱ्या सुमारे ४० लाख गुलामांना या वाटाघाटींत कोणी विचारले होते? १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. मराठी शिक्षकाने तरी हा प्रश्न गुलामांच्या बाजूने मांडायलाच हवा.

मग मालकांना भरपाई देऊन गुलाम सोडवता आले नसते का? ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने दोन कोटी पौंड मोजले होतेच. इथे वर्गात डेलावेअरचे उदाहरण जरूर द्यावे. त्या राज्यात तेव्हा अठराशेदेखील गुलाम उरले नव्हते. १८६१ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी तिथे केंद्राच्या पैशातून टप्प्याटप्प्याने मुक्तीचा आराखडा पुढे केला. राज्याच्या विधिमंडळात पुरेशी मते जमेनात, म्हणून विधेयक मांडलेच गेले नाही. संघराज्यात राहिलेल्या, गुलामगिरी जवळपास संपलेल्या राज्याची ही तऱ्हा! मिसिसिपीत तर निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलाम होती आणि फुटून निघतानाच्या जाहीरनाम्यात त्या राज्याने आपले हित गुलामगिरीशी एकरूप असल्याचे उघड सांगितले होते. गुलामांची बाजारातली किंमत देशभरच्या रेल्वे आणि कारखान्यांतल्या भांडवलाहून जास्त भरत होती. एवढी मालमत्ता कोण राजीखुशीने सोडणार?

आमच्या मते, वाट असलीच तर ती १७८७ मध्ये होती, कापसाची भरभराट सुरू होण्यापूर्वी. त्या वर्षी फिलाडेल्फियात घटना लिहिणाऱ्यांनी गुलामांच्या आयातीला १८०८ पर्यंत अभय दिले आणि प्रतिनिधी मोजताना पाच गुलामांमागे तीन माणसे धरून मालकांच्या राज्यांचे बळ वाढवले. युद्ध कुठे टळू शकले असते, हे शोधायला विद्यार्थ्यांना १८६१ ऐवजी त्या सभागृहात न्यावे.