जुडगा निर्दोष आहे

मोटारीची किल्ली फिरेनाशी झाली, की जगातल्या प्रत्येक माणसाला पहिला संशय येतो तो तिला लटकलेल्या जुडग्याचा. मिस्त्रीला येतो, शेजाऱ्याला येतो, आणि सायकलपलीकडे कुठलेही वाहन न हाकलेल्या आमच्या मेहुण्यालाही येतो. "एवढं वजन लटकवल्यावर दुसरं काय होणार?" असे म्हणत तो जुडगा हातावर तोलून पाहतो, जणू मंडईतली अर्धा किलो वांगी. या बाबतीत माझे मत अगदी स्पष्ट आहे. जुडगा निर्दोष आहे.

अहो, मध्यमवर्गीय माणसाच्या जुडग्यात असून असून असते काय? घराची किल्ली, लॅचची किल्ली, कपाटाची, सोसायटीच्या गच्चीची (ही आपल्याकडे आहे हे सेक्रेटरीला ठाऊक नसते), आणि एक अशी, जिचे कुलूप १९९० सालीच हरवले. पण किल्ली टाकून देणे आपल्या संस्कारात बसत नाही. शिवाय विमा एजंटाने दिलेले पितळी पदक आणि अष्टविनायकाहून आणलेला गणपती. "तेवढा गणपती काढून ठेवा," असे सांगणारा एक मेकॅनिक मला भेटलेला आहे. मी विचारले, "मग गाडी कुणाच्या भरवशावर चालवू? तुमच्या?" त्यावर तो बॉनेटमध्ये डोके घालून बराच वेळ काही तरी शोधत राहिला.

आणि मी म्हणतो, किल्लीला काही लटकवायचेच नव्हते, तर कंपनीने तिला भोक ठेवले कशाला?

खरी गोम अशी, की किल्ली चालत नाही म्हणजे नेमके काय होत नाही, हे कुणी विचारतच नाही. पोट दुखते म्हटल्यावर डॉक्टरसुद्धा कुठे, केव्हा, काय खाल्ले होते, एवढे विचारतो. इथे थेट शस्त्रक्रिया! आता समजा, किल्ली आत गेली पण जागची हलत नाही आणि स्टेअरिंगही आखडून बसले आहे. तर ही स्टेअरिंग-लॉकची जीभ अडकलेली असते. एका हाताने चाक किंचित डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने किल्ली फिरवावी. खर्च शून्य. एवढ्या कारणासाठी टोचन करून नेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. किल्ली फिरते, दिवे लागतात, पण सेल्फ मारला की दिवे मिणमिणतात आणि आतून नुसते 'टक टक टक' येते, तर ती बॅटरी उतरली किंवा तिच्या टर्मिनलवर साका चढला. स्विचचा काही संबंध नाही. सेल्फ खणखणीत फिरतो पण इंजिन धरत नाही, आणि समोर किल्लीचे किंवा कुलपाचे चित्र लुकलुकते आहे? मग किल्लीच्या पोटातली चिप गाडी ओळखत नाही. दुसरी किल्ली लावून पाहा. (त्या चिपला स्वतःचा सेल लागत नाही; सेल लागतो तो रिमोटने दार उघडायला. सेल बदलून इंजिन सुरू करू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.)

पण इंजिन सुरू होते आणि हातातली किल्ली सैल सोडून ती एक घर मागे आली की बंद पडते, किंवा धावती गाडी खड्ड्यात आदळली की सगळे दिवे विझतात, किल्ली जरा चाळवली की पुन्हा लागतात, असे असेल तर मात्र स्विचचे संपर्क गेले. इथे हयगय नको.

आता असेंब्ली नावाच्या प्रकाराबद्दल. किल्ली घुसते ते कुलूप वेगळे आणि त्याच्या मागे बसवलेला काडेपेटीएवढा विजेचा स्विच वेगळा. एक बिघडले म्हणून दुसरे फेकायचे, हा चष्म्याची काच फुटली म्हणून नाक बदलण्याचा प्रकार झाला. एका सर्व्हिस सेंटरात मी एवढेच म्हणालो, तर टाय लावलेला मुलगा म्हणाला, "सर, सिस्टिममध्ये असेंब्लीच येते." म्हणजे कुलूपही नवे, किल्लीही नवी; मग दाराला एक किल्ली, इंजिनाला दुसरी, डिकीला तिसरी. आणि हेच लोक मला वजन कमी करा म्हणतात! नुसता स्विच मला बाजारात मिळाला आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रीने तो अर्ध्या तासात बसवला.

झिजलेल्या किल्लीवरून डुप्लिकेट काढणे म्हणजे आजारपणात माप देऊन कोट शिवण्यासारखे आहे. झीजही हुबेहूब उतरते. घरी पडलेली न वापरलेली किल्ली न्यावी. आणि कुलपात खोबरेल सोडू नये, धूळ धरून त्याची चटणी होते. ग्रॅफाइटची पूड टाकावी.

वजनाने कुलूप वर्षानुवर्षांत झिजते, हे मला मान्य आहे. पण जुडग्यावर ढकलून देण्याची ही सवय किती लांब जाते, ते अमेरिकेत दिसले. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्टसारख्या गाड्यांतला स्विच फिरायला लागणारा जोर खुद्द कंपनीने ठरवलेल्या मापापेक्षा कमी होता. गुडघा लागला, गाडी आदळली, जुडगा हिंदकळला, की किल्ली धावत्या गाडीत मागे घसरायची. इंजिन बंद, स्टेअरिंग जड, ब्रेकची मदत गेलेली, आणि धडक झाली तर एअरबॅग उघडायची नाही. कंपनीने डिसेंबर २००५ मध्ये डीलरांना पत्रक काढले. त्यात लिहिले होते, की चालक बुटका असेल आणि जुडगा जड असेल तर हे घडण्याचा संभव अधिक. सबब ग्राहकाला जुडग्यातल्या अनावश्यक वस्तू काढायला सांगा. बुटका चालक! आमच्या मेहुण्यालाही हे सुचले नव्हते. सोबत उपाय म्हणून किल्लीच्या लांबट खाचेत बसवायचा एक तुकडा, म्हणजे खाचेचे भोक होईल.

२००६ मध्ये आतली छोटी दट्टी बदलली, पण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला. त्यामुळे जुना स्विच आणि नवा स्विच कागदावर एकच. २०१० साली जॉर्जियात एका तरुणीचा जीव गेला. तिच्या आईवडिलांच्या खटल्यासाठी काम करणाऱ्या फ्लोरिडातल्या एका अभियंत्याने दुकानातून तीसेक डॉलरला नवा स्विच आणला आणि जुन्याशेजारी ठेवला. नव्यातली दट्टी लांब होती. कुठला संगणक नाही, कुठली सिस्टिम नाही. दोन वस्तू शेजारी ठेवून बघितल्या, इतकेच.

२०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीने १५ जणांना काढले, २०१५ मध्ये सरकारशी ९० कोटी डॉलरवर तडजोड केली, आणि भरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. आणि नवा स्विच बसेपर्यंत मालकांनी काय करावे, याचा अधिकृत सल्ला होता: गाडीला फक्त एकटी किल्ली लावा, बाकी सगळे काढून ठेवा.