घडणावळ आणि घासाघीस

मंडळी, गेले तीन महिने मी तांब्याच्या अंगठ्या करायला शिकतेय. (हो, या वयात!) तांबंच का? चांदीपेक्षा कितीतरी स्वस्त, हात बसेपर्यंत बरं.

तांबं ठोकत गेलं की कडक होतं, तसंच वाकवत राहिलं तर भेग पडते. म्हणून मधेच मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवायचं, की पुन्हा मऊ. सांध्याला टाकणखार लावायचा आणि दोन्ही टोकं सारखी तापवायची, नाहीतर डाख एकीकडेच पळतो. मग कानस, मग पॉलिश पेपर... एका साध्या वेढ्याला अख्खी दुपार जाते.

आणि आपण सराफाकडे काय म्हणतो? "भाव ठीक आहे हो, पण घडणावळ जरा कमी करा!" धातूचा भाव बाजार ठरवतो, तिथे आपण गप्प. कापायला उरतं ते कारागिराच्या हाताचं मोल. हुपरीत चांदीची पैंजणं घरोघर घडतात, घासाघिशीची झळ शेवटी अशाच घरांना लागते.

माझं मत विचाराल तर, घडणावळ हाताची की मशीनची, हे आधी विचारा. हाताची असेल तर घासाघीस नको. काकू-मावश्यांनो, लग्नसराईत लक्षात ठेवा बरं का!