पाट आला, चर बुजला

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. हा अंक हाती पडेल तेव्हा कृष्णाकाठी ऊसतोडीची लगबग असेल. पण त्याच काठावर, वाळवा, पलूस, मिरज, शिरोळ भागात, हजारो एकर रानात कोयत्याला काम उरलेले नाही. तिथे मीठफुटी झाली आहे. उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर चढतो, पावसाळ्यात रान पाणथळ होते.

धोका ठाऊक नव्हता असे नाही. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि १९१० मध्येच कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. उसाला पाट भरून पाणी देत राहिले की भूजल वर चढते. ऊन पाणी ओढून नेते, क्षार मागे राहतात. उतारा घटला म्हणून आपण युरियाची पोती वाढवतो. पिकाने न घेतलेला नत्र नायट्रेट होऊन विहिरीत झिरपतो, आणि त्याच विहिरीचे पाणी आपण पितो. त्यातच वीतभर रान वाढावे म्हणून बांधालगतचे चर आणि ओढे नांगराखाली घातले गेले. माझ्या मते सर्वांत मोठी हानी इथेच झाली.

उपाय आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून खारे पाणी बाहेर काढता येते. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हे केले आणि पडीक रानात पुन्हा पीक घेतले. जमीन चोपण, म्हणजे सोडियम साचलेली, असेल तर जोडीला जिप्समही लागते. नुसती क्षारयुक्त असेल तर जिप्समवरचा खर्च वाया जातो. म्हणून आधी माती परीक्षण. मात्र वरच्या शेतातले पाणी ओढ्यापर्यंत न्यायचे तर खालच्या शेतकऱ्याची संमती हवी. एकट्याने हे होत नाही. पाणी आणायला सरकार होते, सहकार होता. ते बाहेर काढायची वेळ आली तेव्हा शेतकरी एकटा पडला. हा अन्याय आहे. ज्या कारखान्याला ऊस हवा, त्याने निचऱ्याचा खर्चही उचलला पाहिजे.

यंदाचा अंक आम्ही माती आणि पाण्याला वाहिला आहे. शेतकरी वाचकांना एकच विनंती: ऊस तुटून गेल्यावर खोडवा ठेवण्याआधी माती तपासून घ्या, आणि शेजाऱ्यांना सोबत घेऊन शिवारातला बुजलेला ओढा मोकळा करा.